शेवटचं कधी घेतलंत?

रात्री अडीचला ऑर्थोच्या वॉर्डातून फोन आला. "मॅडम, नडगीच्या फ्रॅक्चरचा पेशंट आहे, काल सकाळी रॉड घातलाय. आता असंबद्ध बडबडतोय, पलंगावरून उतरायला बघतोय. फॅट एम्बोलिझम वाटतंय, येऊन बघाल का?"

गेले तर सेहेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ पलंगावर अर्धवट उठून बसले होते. ते चादरीवरून काहीतरी वेचत होते. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत एकेक धरायचे आणि शेजारच्या स्टीलच्या ट्रेमध्ये नीट सोडायचे. मला पाहून म्हणाले, "सिस्टर, हा ट्रे झाकून ठेवा ना, परत बाहेर येतात." ट्रे रिकामा होता. सलाइनची सुई त्यांनी उपसून काढली होती आणि कोपरापर्यंत रक्त वाळलं होतं. अंगावरचा गाऊन पिळून काढावा इतका घामाने भिजला होता.

(पेशंट आणि त्यांच्या पत्नीच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दिवसांचा आणि तासांचा हिशेब मात्र जसाच्या तसा ठेवला आहे, कारण या प्रकरणात तोच महत्त्वाचा आहे.)

रेसिडेंटची शंका चुकीची नव्हती. मोठं हाड मोडलं की मज्जेतली चरबी रक्तात शिरते आणि एक ते तीन दिवसांत माणूस गोंधळल्यासारखा होऊ शकतो. पण त्यात ऑक्सिजन घसरतो, काखेत आणि छातीवर बारीक लाल ठिपके दिसतात. इथे ऑक्सिजन ९७ होता आणि त्वचा स्वच्छ. नाडी १२८, रक्तदाब १७०/१०४, ताप ३८.२ अंश. हात पुढे करायला लावले तर बोटं इतकी थरथरत होती की बिछान्याचा कठडाही वाजायला लागला. जिन्यावरून पडलेला माणूस, त्यामुळे डोक्यात रक्तस्राव नाही ना हे बघायला सीटी स्कॅन केला. तो ठीक होता. साखर ठीक. सोडियम १३१, पोटॅशियम ३.१, मॅग्नेशियम १.२. सोडियम थोडं कमी, बाकी दोन्ही चांगलेच कमी.

मग फाइल उघडली. भरतीच्या फॉर्मवर "मद्यपान" या रकान्यापुढे लिहिलं होतं: ऑकेजनल, सोशल. "धूम्रपान" पुढे: रोज बारा-पंधरा सिगारेटी, वीस वर्षं. हा फॉर्म शनिवारी मध्यरात्रीनंतर इंटर्नने भरला होता, पेशंट स्ट्रेचरवर, डावीकडे आई, उजवीकडे मेहुणा.

बाकीची फाइल मात्र वेगळंच सांगत होती. रक्ताच्या तपासणीत लाल पेशींचा सरासरी आकार १०३, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या पेशी. प्लेटलेट्स एक लाख आठ हजार, म्हणजे कमी. यकृताच्या दोन एन्झाइमांपैकी एएसटी ११८ आणि एएलटी ५२, दुपटीहून जास्त फरक. बहुतेक यकृतविकारांत हे प्रमाण उलटं असतं. एएसटी दुप्पट दिसलं की आधी दारूचा विचार करावा. लॅबने प्रत्येक आकड्यापुढे इमानेइतबारे बाण छापला होता आणि ते सगळे बाण "सर्जरीसाठी फिट" या शिक्क्याखाली गेले होते.

फाइलमधली सगळ्यात हुशार नोंद कुठल्याच डॉक्टरची नव्हती. रविवारी संध्याकाळी सहा वाजता ड्यूटीवरच्या सिस्टरने लिहिलं होतं: "हात थरथरतात, घाम आहे, थंडी वाजते म्हणतात, ब्लँकेट दिलं. डॉक्टरांना कळवलं." त्यावर उत्तर होतं, दुखत असेल, ट्रॅमाडॉल द्या. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक झटके येण्याचा उंबरठा खाली आणतं, आणि या माणसाला ते द्यायला त्याहून वाईट वेळ सापडली नसती. रात्री बडबड सुरू झाल्यावर हॅलोपेरिडॉल या भ्रम शांत करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन दिलं गेलं होतं. तेही एकटं दिलं तर तसंच. नशिबाने दोन्हींतून काही झालं नाही.

भूलतज्ज्ञांच्या कागदावर आणखी एक ओळ होती. स्पायनल, म्हणजे कमरेखालची भूल, देताना गुंगीसाठी मिडॅझोलाम २ मिलिग्रॅम दिलं, "गुंगी आली नाही, संपूर्ण ऑपरेशनभर गप्पा". मी ती ओळ वाचली, दारूमुळे असेल असं मनात म्हटलं आणि पान उलटलं. ती चूक माझी. तिच्याकडे पुन्हा यायचं आहे.

पत्नी कॉरिडॉरमध्ये बाकावर बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि "दारू पितात का" असं विचारलंच नाही. विचारलं, "शेवटची कधी घेतली होती?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "शनिवारी. दहाच्या सुमारास ग्लास संपला. अकराला जिन्यात पडले."

"आणि रोज?"

"रोज. मोठी बाटली दोन-अडीच दिवस जाते. पण सासूबाईंसमोर काय सांगणार? त्यांना वाटतं, हे फक्त पार्टीत घेतात."

साडेसातशे मिलीची, चाळीस टक्क्यांची बाटली. अल्कोहोलची घनता पाण्यापेक्षा कमी, मिलीला ०.७९ ग्रॅम. म्हणजे एका बाटलीत जवळजवळ २३७ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, रोजचं शंभर ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना एक प्रमाणित पेय दहा ग्रॅमचं धरते, त्या मापाने रोज दहा पेयं. शनिवार रात्री दहा ते मंगळवार पहाटे अडीच, साडेबावन्न तास झाले होते. मला आणखी काही विचारायची गरजच उरली नाही.

घड्याळ

दारू सुटल्यावर शरीर कसं वागतं, हे जवळजवळ वेळापत्रकासारखं आहे. सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड. झटके येणार असतील तर बहुतेक पहिल्या दोन दिवसांत. आणि अठ्ठेचाळीस ते शहाण्णव तासांच्या पट्ट्यात ज्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात ते: भान हरपणं, किडे-मुंग्या दिसणं, ताप, नाडी बेफाम पळणं. हे नाव थॉमस सटन नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८१३ साली दिलं. पण हा आजार दारू पिण्याने होतो की सोडल्याने, की खाण्यापिण्याची आबाळ झाल्याने, यावर पुढे सव्वाशे-दीडशे वर्षं वाद चालला. १९५५ साली अमेरिकेत हॅरिस इझबेल आणि सहकाऱ्यांनी मॉर्फिनचं व्यसन सुटलेल्या दहा माणसांना, चांगलं जेवण आणि जीवनसत्त्वं देत, आठवडेच्या आठवडे दारू पाजली आणि मग एकदम बंद केली. ज्यांनी जास्त दिवस घेतली होती त्यांना झटके आले, भास झाले. वाद मिटला. आज असा प्रयोग कुठलीही नीतिसमिती दारातूनच परत पाठवेल, आणि योग्यच करेल.

आत काय होतं ते रस्सीखेचीसारखं आहे. मेंदूला शांत करणारं गाबा नावाचं रसायन एका बाजूला, चेतवणारं ग्लूटामेट दुसऱ्या बाजूला. दारू गाबाच्या बाजूने दोरी ओढते आणि ग्लूटामेटचा हात धरून ठेवते. हे रोज, वर्षानुवर्षं चाललं की मेंदू तोल सांभाळायला चेतवणाऱ्या बाजूला गडी वाढवतो आणि गाबाच्या बाजूचे गडी ढिले पडतात. असा माणूस बाटलीभर दारूवर सरळ चालतो ते यामुळेच. आणि मग एका रात्री पाय मोडतो, दवाखान्यात ग्लास मिळत नाही, दारूने दोरी सोडलेली असते. समोरची बाजू त्याच जोराने ओढतच राहते.

म्हणून उपचार त्याच बाजूला दुसरा भिडू उभा करण्याचा. बेन्झोडायझेपिन गटाची औषधं गाबाच्याच रिसेप्टरवर काम करतात. यकृत बरं असतं तर लांब टिकणारं डायझेपाम दिलं असतं. इथे लोराझेपाम निवडलं, कारण ते यकृताला फारसा त्रास न देता शरीराबाहेर जातं. शिरेतून २ मिलिग्रॅम, दहा-पंधरा मिनिटं थांबून पुन्हा. सकाळी आठपर्यंत एकूण २२ मिलिग्रॅम झालं, तेव्हा कुठे त्यांनी मुंग्या वेचणं थांबवलं. रेसिडेंट दोनदा विचारून गेला, "मॅडम, श्वास थांबेल ना?" काळजी रास्त होती. पहिल्या डोसपासून अतिदक्षता विभागात, मॉनिटर लावून, एक सिस्टर शेजारी बसवूनच हे केलं. नेहमीच्या माणसाला एवढा डोस दिला तर तो दिवसभर उठणार नाही. हे गृहस्थ अजून विचारत होते, ट्रे झाकला का.

सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, शिरेतून. डोळे बाजूला वळवायला सांगितल्यावर बुबुळं थडथडत होती. बी-१ संपल्यामुळे होणाऱ्या वेर्निकेच्या आजारात गोंधळ, डोळ्यांची अशी हालचाल आणि चालताना तोल जाणं, अशी तीन लक्षणं सांगतात. या माणसाचा तोल कसा बघणार, पाय मोडलेला. तिन्ही लक्षणं एकत्र तशीही थोड्याच रुग्णांत सापडतात, त्यांची वाट बघण्यात अर्थ नसतो. थायमिन पोचल्याशिवाय ग्लुकोजची सलाइन लावायची नाही हे पाळलं आणि मॅग्नेशियमही भरलं, कारण ते नसेल तर थायमिन नुसतं फिरत राहतं. हे चुकलं तर नवी आठवणच तयार होत नाही अशी कायमची अवस्था येऊ शकते. तो माणूस समोर बसून पाच मिनिटांत तीनदा तुमचं नाव विचारतो.

एक तक्रार इथेच नोंदवते. या लक्षणांना गुण द्यायची दहा मुद्द्यांची, ६७ गुणांची एक प्रचलित मोजपट्टी आहे. छान आहे, पण ती माणसाला प्रश्न विचारून भरायची असते. भान गेलेल्या माणसाला "तुम्हाला मळमळतंय का" विचारून गुण लिहिणं म्हणजे फॉर्मची सेवा. आम्ही नाडी, घाम, थरथर आणि तो हाकेला किती जागा होतो एवढंच बघितलं.

गुरुवारी सकाळी भान आलं. त्यांनी पहिल्यांदा सिगारेट मागितली. निकोटिनचं पॅच द्यायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. जी सवय त्यांनी सगळ्यांसमोर सांगितली होती, जिची लाज नव्हती, तिच्याकडेही आमचं लक्ष नव्हतं. नडगीचं हाड मुळात सावकाश जुळतं, सिगारेट ओढणाऱ्याचं आणखी सावकाश. ते ऑर्थोवाले त्यांना सांगतच होते. पण सांगणं आणि पॅच लावणं यांत फरक आहे.

दुसरं घड्याळ

लोराझेपाम रोज कमी करत आणलं. शनिवारी रात्री शेवटचा डोस. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे प्रकरण संपलं होतं.

रविवारी रात्री झोप लागली नाही. सोमवारी म्हणाले, "कुणी पलीकडच्या खोलीत चमचा ठेवला तरी कानात खिळा मारल्यासारखं होतंय." तोंडाला धातूची चव. मांडीचे स्नायू आपोआप उडत होते. मी यकृत पाहिलं, संसर्ग शोधला, आणि खोटं कशाला सांगू, कुणी गुपचूप बाटली आणून दिली आणि ती संपली असेल असाही विचार केला. मंगळवारी पहाटे पाच वाजता त्यांना झटका आला. दीड मिनिट, पूर्ण अंगाचा, जीभ चावली गेली.

दहावा दिवस. दारूचा झटका दहाव्या दिवशी येत नाही.

लोराझेपाम दिलं, झटका थांबला. दुपारी ते नीट जागे झाल्यावर मी खुर्ची ओढून बसले. आता खोलीत दुसरं कुणी नव्हतं. विचारलं, "दारू सोडून आणखी काय? आणि ते शेवटचं कधी?"

"आणखी काही नाही हो. दुसरं कसलंच व्यसन नाही."

"झोपेची गोळी?"

"ती तर औषध आहे ना. डॉक्टरांनीच दिली होती."

चार वर्षांपूर्वी वडील गेले. झोप येईना, म्हणून पंधरा दिवसांसाठी क्लोनाझेपाम, तेही बेन्झोडायझेपिनच, अर्धा मिलिग्रॅम लिहून मिळालं होतं. पंधरा दिवसांनी बंद केलं तर झोप आधीपेक्षा वाईट. पुन्हा सुरू केलं. दारूने झोप लागायची, पण पहाटे तीनला टक्क जाग यायची. अल्कोहोल उतरताना झोपेचे तुकडे होतातच. मग त्या तीनच्या जागेसाठी आणखी गोळी. आता रात्री २ मिलिग्रॅम, म्हणजे सुरुवातीच्या चौपट. ही गोष्ट पत्नीलाही माहीत नव्हती. गोळ्या ऑफिसच्या बॅगेत, चष्म्याच्या घरात असायच्या. दारूचं सगळ्या घराला माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. गोळी त्यांच्याच लेखी व्यसनात मोडत नव्हती, म्हणून सांगायचं सुचलंच नाही. हे दुसऱ्या प्रकारचं न सांगणं मला जास्त धोक्याचं वाटतं, त्याला लाजेची खूणही नसते.

आता तारखा जुळल्या. क्लोनाझेपाम शरीरातून अर्धं जायला साधारण तीस-चाळीस तास लागतात. पूर्ण जायला आठवडा. शनिवारी घेतलेली शेवटची गोळी पुढच्या शनिवारपर्यंत संपत आली. त्या आठवड्यात आम्ही दारूसाठी म्हणून दिलेलं लोराझेपाम त्याच रिसेप्टरवर बसत होतं, न कळता गोळीचीही जागा भरत होतं. आणि नेमकं त्याच शनिवारी आम्ही ते बंद केलं. दोन्ही आधार एकाच वेळी गेले. मिडॅझोलामने गुंगी आली नव्हती, ती ओळ आठवली. मिडॅझोलामही याच घराण्यातलं. रोज क्लोनाझेपाम पचवणाऱ्या मेंदूला २ मिलिग्रॅम मिडॅझोलाम म्हणजे काहीच नाही. दारूने ते पूर्ण समजतं असं वाटल्यामुळे मी पुढे विचारलंच नव्हतं. एक कारण सापडलं की दुसरं शोधायचं थांबतो, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे.

रेसिडेंटने विचारलं, लघवीच्या ड्रग स्क्रीनमध्ये आलं नसतं का? नेहमीच्या स्ट्रिपवर क्लोनाझेपाम अनेकदा निसटतं. आणि आलं असतं तरी आम्हीच त्याच गटाचं औषध देत होतो, त्यातून काय कळणार?

बेन्झोडायझेपिनचा हा गट १९६० मध्ये त्यातलं पहिलं औषध, क्लोरडायझेपॉक्साइड, बाजारात आलं तेव्हा बार्बिट्युरेट या झोपेच्या जुन्या औषधांपेक्षा सुरक्षित म्हणून डोक्यावर घेतला गेला. एकटा घेतला तर जीव सहसा जात नाही हे खरंही आहे. पण दारू किंवा अफूसारख्या वेदनाशामकांसोबत, म्हणजे ओपिऑइडसोबत, श्वास मंदावतो. २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ओपिऑइड आणि बेन्झोडायझेपिन एकत्र देण्याबद्दल सर्वांत कडक दर्जाचा इशारा छापायला लावला, २०२० मध्ये या गटाच्या अवलंबित्वाबद्दलही. आमच्या पेशंटला शनिवारी रात्री पोटात दारू आणि गोळी असतानाच ओपिऑइडचं इंजेक्शन दिलं असतं, तर ही कथा कदाचित मुंग्यांपर्यंत पोचलीच नसती.

त्या दुपारी वॉर्डात या विषयाचा छोटा वर्गच भरला. सोडल्यावर जीव घेऊ शकतात ती मुख्यतः दारू, बेन्झोडायझेपिन आणि बार्बिट्युरेट. हेरॉइन सुटलं की माणसाला मरण बरं वाटतं, नाका-डोळ्यांतून पाणी, पोटात मुरडा, अंगावर काटा. आठ ते चोवीस तासांत सुरू होतं, दोन-तीन दिवसांत टोक गाठतं, पण त्याने क्वचितच जीव जातो. जीव जातो तो नंतर, सहनशक्ती उतरलेली असताना जुनाच डोस घेतल्यावर. कोकेन आणि मेथँफेटामिन घेताना हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर घाव घालतात. सुटल्यावर माणूस दिवसदिवस झोपतो, खातो आणि उदास होतो, त्या उदासीत आत्महत्येचा विचार येतो तो विचारावा लागतो. गांजा सुटला की चिडचिड, झोप उडणं, भूक मरणं, साधारण दोन आठवडे. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं, आणि एका माणसात दोन-तीन घड्याळं एकदम चालू असू शकतात.

क्लोनाझेपाम पुन्हा सुरू केलं, २ मिलिग्रॅम, दोन भागांत. पेशंट वैतागले. "जी सोडवायची तीच देताय?" हो, तीच. इतकी वर्षं घेतलेली गोळी दर दोन ते चार आठवड्यांनी पाच-दहा टक्क्यांनी उतरवायची असते. वर्षभर लागेल, असं सांगितलं.

पत्नीची वेगळी मागणी होती. त्यांना न कळता जेवणात मिसळता येईल अशी दारू सोडवायची गोळी. डायसल्फिराम त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. ते पोटात असताना माणूस प्यायला तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. न सांगता देणं म्हणजे त्याच्या वाटेत खड्डा खणून वर पाचोळा पसरणं. मी नाही म्हटलं, आणि त्या माझ्यावर नाराज झाल्या. त्यांनी काढलेली वर्षं मी काढलेली नव्हती, त्यामुळे नाराजी मुकाट्याने घेतली. दारूची ओढ कमी करणारं नाल्ट्रेक्सोन पायाच्या वेदनेसाठी ओपिऑइड चालू असेपर्यंत देता येत नव्हतं आणि यकृतही तितकं बरं नव्हतं. मूत्रपिंड ठीक होतं म्हणून त्याच कामाचं दुसरं औषध, अकॅम्प्रोसेट, निवडलं, आणि व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांशी दर आठवड्याची भेट.

तीन महिन्यांनी ते काठी टेकत ओपीडीत आले. एक्स-रेमध्ये हाड जुळायला लागलं होतं, अपेक्षेपेक्षा मागे. सिगारेटी चारवर. लाल पेशींचा आकार ९७. या पेशी १२० दिवस जगतात, त्यामुळे हा आकडा सावकाशच उतरतो. क्लोनाझेपाम दीड मिलिग्रॅमवर, मधल्या एका कपातीला झोप पार गेल्यामुळे महिनाभर थांबावं लागलं होतं. मुंग्यांची रात्र त्यांना आठवत नव्हती, झाकायच्या ट्रेचं मी सांगितल्यावर हसले.

मग मी पेन उघडून विचारलं, "शेवटची कधी घेतलीत?"

"सव्वीस दिवस झाले," ते म्हणाले.

पत्नीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "चोवीस," त्या म्हणाल्या.

ते क्षणभर थांबले, बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान डोलावली. मी चोवीस लिहिलं.